समेवर गुरुजी कुठे पाहत होते

डोंबिवलीत मी ज्या बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायचे, त्या कथक शिकवायच्या. पुढच्या खोलीत त्यांचा क्लास, मागच्या खोलीत माझी खाट आणि खाटेला लागून मी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावातून बीएस्सी करून आले, तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीत कॉम्प्युटर जोडायचं काम मिळालं, आणि ओळखीतून ही खोली. पहिल्या दिवशी बाईंनी एकच विचारलं होतं, "घुंगरांचा आवाज चालेल ना गं?" मी म्हटलं, "आमच्या घरामागे पिठाची गिरणी आहे." त्या खूप हसल्या आणि माझ्या हातात कपाटाची किल्ली दिली.

बाईंचे गुरुजी वारल्याला तेव्हा थोडाच काळ झाला होता. त्यांचा उल्लेख करताना बाईंचा हात आपोआप कानाच्या पाळीला जायचा, मग त्या हातात कणकेचा गोळा असो नाहीतर रॉकेलचा डबा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुरुजींच्या सगळ्या शिष्यांनी मिळून ठाण्याच्या एका नाट्यगृहात त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरवला होता. बाईंची सगळ्यांत जुनी शिष्या त्यात गुरुजींची एक रचना नाचणार होती. पाण्याला गेलेली बाई घागर घेऊन परत येते, कोणीतरी हाक मारतं, ती चकरा घेत वळते आणि समेवर थांबते. एवढीच ती रचना. सम म्हणजे तालाचं आवर्तन जिथून पुन्हा सुरू होतं ती पहिली मात्रा. सगळा नाच त्या एका क्षणावर येऊन टेकतो.

अडचण एका फोनने सुरू झाली. बाईंची गुरुभगिनी अमेरिकेत शिकवायची. तिचा फोन आला, इकडची तिकडची विचारपूस झाली आणि मग बाईंचा चेहरा बदलला.

"समोर नाही तर कुठे थांबायचं?... बाजूला?... अगं, मी गुरुजींसमोर बसून शिकले आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितलं, की गुरुभगिनीच्या मते शेवटची चक्कर पुरी करायचीच नसते. समेवर बाजूला तोंड करून थांबायचं. बाई मात्र आजवर प्रत्येक मुलीला चक्कर पुरी करून समोर, प्रेक्षकांकडे बघत थांबायला शिकवत आल्या होत्या. "तिचं खरं असेल, तर मी इतकी वर्षं मुलींच्या अंगात चूक घातली," त्या म्हणाल्या. "आणि गुरुजींच्या नावावर घातली." हात कानाला गेला.

गुरुभगिनीने वाद वाढवला नाही. तिथल्या विद्यापीठाने गुरुजींच्या शेवटच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण करून त्याची डीव्हीडी काढली होती. ती तिने इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवून दिली. आमच्या इमारतीत तोवर डीव्हीडी कोणी पाहिलेली नव्हती. योगायोगाने ऑफिसातल्या साहेबांनी नवा डीव्हीडी ड्राइव्ह मला घरी वापरून बघायला दिला होता. बाई म्हणाल्या, "आज नको. गुरुवारी लावू." तोवर ती तबकडी गुरुजींच्या फोटोपुढे राहिली.

गुरुवारी मी ती उचलली तर चकचकीत बाजूवर हळदकुंकवाची दोन बोटं.

"बाई, हे काय?"

"का? सुंदर बाजू तीच आहे ना? छापील बाजूला कोण कुंकू लावतं?"

मी कापूस ओला करून ते हळूहळू पुसलं, आतून बाहेरच्या दिशेने. बाई शेजारी उभ्या राहून, मी देवच धूत असल्यासारखं बघत होत्या.

जुनी शिष्या आधीच येऊन बसली होती. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिच्या घरी मासळीचा धंदा, आवाज मोकळा, आणि बाईंवर इतकं प्रेम, की बाईंविरुद्ध कोणी बोललं तर तिथेच भांडायला उभी राहील.

तेव्हा कॉम्प्युटरवर डीव्हीडी दोन तऱ्हांनी बघता यायची. तबकडीवर चित्रं दाबून, घडी घालून ठेवलेली असतात. ती दर क्षणाला उलगडावी लागतात. हे उलगडण्याचं काम एक तर कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरकडून करून घ्यायचं, त्यासाठी फक्त एक सॉफ्टवेअर टाकायचं. नाहीतर कॅबिनेट उघडून आत त्या कामासाठीच बनवलेलं वेगळं कार्ड बसवायचं. मी सॉफ्टवेअरच्या बाजूची होते. ते ड्राइव्हबरोबर आलेलं होतं, आणि माझा प्रोसेसर अगदीच जुना नव्हता. मी ते टाकलं आणि डीव्हीडी लावली.

पडद्यावर गुरुजी आले. सत्तरीच्या पुढचे, अंगाने भरलेले, पांढरी मिशी. घागर उचलायला ते वाकले आणि मिशीसकट बाई झाले. मी नाचातलं काही जाणत नव्हते, तरी माझ्या अंगावर काटा आला. चित्र अधूनमधून अडखळत होतं, पण तबल्याचा आवाज सलग होता. शेवटच्या चकरा आल्या. गुरुजी फिरले, चित्र किंचित थिजलं, आणि पुन्हा हललं तेव्हा ते समोर तोंड करून उभे होते.

"बघा!" शिष्या ओरडली. "समोरच हायेत! बाई, तुमचाच बरोबर. आता करा अमेरिकेला फोन!"

मीही टाळ्या वाजवल्या. बाई मात्र पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या.

"परत लाव."

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोटांनी ताल मोजला. मग डोळे उघडून पाहिलं.

"गुरुजी समेला उशिरा आले," त्या म्हणाल्या.

"म्हातारे झाले होते ना बाई," शिष्या म्हणाली.

"आजारी असतानासुद्धा ते समेला कधी उशिरा आलेले नाहीत. घुंगरू समेवर वाजतंय आणि माणूस मागाहून दिसतोय. हे गुरुजींचं नाही. हे तुझ्या यंत्राचं आहे."

"कुंकवाचं असेल," मी म्हटलं.

"पुसलंस ना तू? मग माझ्या कुंकवावर कशाला ढकलतेस?"

मला सांगावं लागलं, की प्रोसेसरला सगळी चित्रं वेळेत उलगडता आली नाहीत, तर आवाज मागे पडू नये म्हणून तो काही चित्रं सोडून देतो.

"कुठली सोडायची ते कोण ठरवतं?"

असा प्रश्न मला कॉलेजात कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "कोणी ठरवत नाही. जिथे हालचाल जोरात असते, तिथे काम वाढतं. बहुतेक तिथलीच जातात."

"म्हणजे चकरांतली."

"हो."

"म्हणजे बरोबर समेवरचा क्षण गेला. आपण बघतोय ते त्याच्यानंतरचं."

शिष्या चिडली. "बाई, जे दिसतंय ते तुमच्या बाजूचं दिसतंय. कशाला उकरताय?"

बाई तिला म्हणाल्या, "अगं, गाळलेल्या चित्रांवर मी जिंकले, तर गुरुजींना काय तोंड दाखवू?" आणि तिला पोहे करायला आत पाठवलं.

मी जमेल ते केलं. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, चित्राची चौकट लहान केली, रंग कमी करून पाहिले. अडखळणं कमी झालं, पण त्या चकरांशी आलं की चित्र थिजायचंच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते मूळचे ठाण्याचे, कोणतीही गोष्ट जेवणावरून समजावणारे.

"तुझा प्रोसेसर म्हणजे एकट्या यजमानाचं लग्नघर," ते म्हणाले. "तोच भाजी चिरतोय, तोच पोळ्या लाटतोय, तोच वाढतोय, वर पाहुण्यांना आग्रहही करतोय. पंगत वाढली की कोणाच्या तरी पानात पोळी पडायची राहणार."

"आणि कार्ड?"

"कार्ड म्हणजे तुमच्या डोंबिवलीची पोळ्यांची बाई. तिला दुसरं काही करायचंच नाही. पण पंगत कितीही वाढू दे, पोळी थांबणार नाही."

मी हट्टाने म्हटलं, "सर, दोन वर्षांत प्रोसेसर इतके वेगवान होतील, की ही कार्डं कोणी विचारणार नाही."

"होतील ना. मी कुठे नाही म्हणतो? पण तुझ्या बाईंचा कार्यक्रम दोन वर्षांनी आहे का?"

मी हसले. त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं कार्ड खोक्यातून काढून माझ्या हातात दिलं. "सोमवारी परत आण. आणि काय निघालं ते सांग. मला आता झोप लागणार नाही."

रविवारी दुपारी मी कॅबिनेट उघडलं. बाई पदर खोचून बॅटरी धरायला बसल्या. कार्ड मोकळ्या जागेत नीट दाबून बसवलं, मॉनिटरची केबल त्याच्यातून फिरवून घेतली. शिष्या दारात उभी होती. आत यायला तयार नव्हती. नाचायचं तिला होतं, आणि तिचंही अंग बाईंनीच घडवलेलं होतं.

चित्र आलं आणि पहिल्याच पावलाला बाईंनी श्वास घेतला. काहीच अडखळत नव्हतं. गुरुजींच्या धोतराच्या निऱ्या पाण्यासारख्या उलगडत होत्या. घागर उचलताना मनगट आधी वळतं आणि बोटं मागून येतात, हेसुद्धा दिसत होतं. गुरुवारी आम्ही जे पाहिलं, त्यात हे कुठेच नव्हतं, आणि ते नाही हे आम्हाला कळलंही नव्हतं. चकरा आल्या. एक, दुसरी, तिसरी. सम पडली.

गुरुजी बाजूला तोंड करून उभे होते. चक्कर अर्धवट सोडलेली, हनुवटी खांद्याकडे, नजर हाक आली त्या दिशेला. पुढची एक मात्रा ते तसेच राहिले. मग सावकाश समोर वळले.

शिष्या दारातूनच म्हणाली, "म्हातारपणी बदलला असंल त्यांनी. तुम्हाला शिकवला तेव्हा समोरच असंल."

मला ते पटण्यासारखं वाटलं. बाईंना त्यातून सहज निघून जाता आलं असतं, आणि कोणी त्यांना दोष दिला नसता.

"असेल," बाई म्हणाल्या. "किंवा नसेल. मी तेव्हा फ्रॉकमधली पोर होते. समोर वळलेले गुरुजी मला दिसले, कारण मी समोर बसले होते. त्याच्या आधीचं माझ्याकडून सुटलं असेल." मग त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पण बघ तरी. हाक बाजूने आली आहे. जिला हाक आली, ती लोकांकडे कशाला बघेल? हे मला इतक्या वर्षांत सुचू नये?"

त्या उठल्या, घुंगरू बांधले आणि नाचून पाहिलं. अंगाला सवय जुनी. प्रत्येक वेळी त्या समोर येऊन थांबायच्या आणि स्वतःलाच हसायच्या. "परत लाव गं." मी लावत राहिले. दिवेलागणीच्या सुमारास त्या पहिल्यांदा बाजूला थांबल्या. त्यांनी कान धरला, आणि शिष्येला म्हणाल्या, "चल, आता तू."

कार्यक्रमात ती तशीच नाचली. पण माझ्या मनात जे राहिलं आहे, ते त्याच्या आधीचं. मला वाटलं होतं, एका शिष्येला नवं सांगितलं की झालं. बाईंनी जुन्या मुलींना फोन लावायला सुरुवात केली. कोणी कल्याणला सून म्हणून गेलेली, कोणी बँकेत, कोणी नाच सोडून दिलेली. प्रत्येकीला त्या स्पष्ट सांगायच्या, "मी तुला एक जागा चुकीची शिकवली आहे. ये आणि नीट करून जा." मी एकदा विचारलं, "बाई, ज्या आता नाचतच नाहीत त्यांना कशाला?"

"नाचत नाहीत, पण अंगात आहे ना?"

घोडबंदर रोडच्या नव्या इमारतीत राहणारी एक जण कडेवर मुलगी घेऊन आली. साडी, हातात पर्स, कपाळाला घाम. "काय बाई, आता या वयात परीक्षा घेणार?"

"पर्स ठेव. मुलीला हिच्याकडे दे."

बाळ माझ्याकडे आलं. मी ते घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. साहेबांनी कार्ड कार्यक्रमापर्यंत माझ्याकडेच राहू दिलं होतं. बाईंनी तिला पडद्यावरचे गुरुजी दाखवले, मग स्वतः हाताने ताल देत बोल म्हणू लागल्या. तिने पदर कमरेला खोचला, घागर उचलली, चालली, फिरली. पहिल्यांदा समोर थांबली. दुसऱ्यांदा बाजूला थांबली, पण मान नुसती वळवून ठेवल्यासारखी, डोळ्यांत काही नाही.

"मान आली, नजर नाही आली," बाई म्हणाल्या. "परत."

तिसऱ्यांदा ती फिरत असताना माझ्या हातातल्या मुलीने हाक मारली, "आई!" सम पडली, आणि ती चक्कर अर्धी सोडून, हनुवटी खांद्याकडे करून, दाराकडे बघत थांबली. एक मात्रा तशीच राहिली.

बाईंनी हात खाली घेतला. "हां," त्या म्हणाल्या. "आत्ता बरोबर पाहिलंस."