चौथा विडा

झुंबरबाईला एकच गोष्ट हवी होती, आणि ती थाळीत होती.

साल त्रेसष्ट. वरवट बकालच्या नव्या हायस्कुलात आठवीला पोरं पुरत नव्हती. पोरगी तर एकच, झुंबरबाईची कोकिळा. हेडमास्तर वामनरावांनी पालकांची सभा बोलावली. चार पालक निवडायचे, त्यांनी आसपासच्या गावांत फिरून शाळेचं सांगायचं, मुलं आणायची. निवड जुन्या रीतीनं: थाळीत चार विडे, एकेका विड्याच्या वाट्याला ठरलेली गावं; जो उचलेल त्यानं काम पत्करलं.

थाळी सतरंजीवरच्या पुरुषांत फिरली. तिघांनी विडे उचलले. बाया दाराबाहेर ओसरीवर, तिकडे थाळी गेलीच नाही. त्यातून झुंबरबाई विधवा. काय एकेक रीती! पोरीला एकटीनं शिकवायला विधवा चालते, विडा उचलायला नाही.

लहानपणी तिनं शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून अर्धी बाराखडी पाठ केली होती. उरलेली यायच्या आत लग्न झालं. ते माहेर नदीपलीकडे, नेमकं चौथ्या विड्याच्या वाट्याचं गाव.

"मास्तर, मी जाईन ना तिकडे," ती उंबऱ्यातून म्हणाली.

"बाई माणूस गावोगाव फिरते काय व?" सतरंजीवरचे पंजाबराव हसले.

तेवढ्यात गुलाबराव, आठवीतल्या एका पोराचे वडील, उशिरानं आले. समोर थाळी दिसली, पाहुणचार समजून विडा तोंडात टाकला. टाळ्या पडल्या.

"काऊन बे, काय झालं?"

"तुमी निवडून आले!"

"अरे, मी तं पान खाल्लं!"

चघळलेला विडा परत कोण घेणार? शाळेच्या फळ्यावर चौथं नाव त्यांचं लागलं.

गुलाबराव काही नदी ओलांडून गेले नाहीत. झुंबरबाई गेली, निंदणाचे दोन दिवस बुडवून. दारोदार बोलली, शिव्याही खाल्ल्या, आणि दोन पोरी शाळेत आणून उभ्या केल्या. रजिस्टरात 'कोणी आणले' या रकान्यात मास्तरांनी गुलाबरावांचं नाव लिहिलं.

"मा, तुहं नाव नाही त्याच्यात!" कोकिळा चिडली.

"पोरी तं हायेत ना?" ती म्हणाली. पण जाताना फळ्यापाशी थांबली. "चौथ्या ओळीत माहं नाव मावलं असतं काय व?"

"मावलं असतं, मा. गुलाबरावाएवढंच हाये."

गुलाबराव माणूस सरळ. त्यांनीच मास्तरांना सांगितलं, "पान म्या खाल्लं, पाय तिचे झिजले."

"पुढच्या वर्षी पाहू," मास्तर म्हणाले.

पुढच्या वर्षी सभेला झुंबरबाई दाराला अगदी लागून बसली, हात धुऊन, पदराला पुसून. थाळी उंबऱ्यापर्यंत आली आणि वळली.

तिनं हात पदराखाली घेतला.