बैठकीतल्या ओव्या

मला बघायला अकोल्याची मंडळी आली तेव्हा एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं आणि मी अमरावतीत एका शाळेत शिकवत होते. आधीच्या दोन स्थळांना मी पसंत होते, माझी नोकरी पसंत नव्हती. या स्थळाने नोकरीला हो म्हटलं नव्हतं, पण अजून नाहीही म्हटलं नव्हतं. एवढ्यावरच मला ते हवं होतं.

मुलीला गायला सांगायची रीत होती. यांनी सांगितलं नाही. मुलाच्या मामांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा जाड अल्बम काढला. आत चार तबकड्या, जात्यावरच्या ओव्यांच्या, मुंबईहून मागवलेल्या. मुलीने गाण्यापेक्षा ऐकावं, ऐकताना माणूस कळतो, असं मामांचं म्हणणं पडलं. मग ते मातीच्या सुगंधावर बोलले. मामा सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मातीशी त्यांचा संबंध जीप फसली तरच येत असावा.

आमच्या ग्रामोफोनने नाट्यसंगीताखेरीज काही वाजवलं नव्हतं, आणि बैठकीत बसून मीही दुसरं काही ऐकलं नव्हतं. वडिलांनी चावी दिली, नवी सुई लावली. आधी बराच वेळ व्हायोलिनं वाजली. मग एक बाई माहेरच्या वाटेबद्दल गाऊ लागली. आवाज इतका स्वच्छ, की पिठाचा कणही तिच्या आसपास उडाला नसावा.

मला काही सुधरेना. नाटकातल्या पदात मान कुठे हलवायची ते मला ठाऊक होतं. इथे एक ओळ संपायची आणि तशीच दुसरी सुरू व्हायची. वडिलांचा हात सवयीने दाद द्यायला दोनदा वर गेला आणि माशी हाकलल्यासारखा खाली आला. मामांचे डोळे मिटलेले. मुलगा स्वतःच्या पायांकडे बघत होता. मुलाची आई, माहेर वरूडकडचं, सुपारी चघळत थेट माझ्याकडे. आवडलंसं दाखवावं तर गावंढळ ठरेन, न दाखवावं तर शिष्ट. आणि खरोखर आवडत होतं का? तिसरी तबकडी लागली तरी तेही सांगता येईना.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू पुटपुटली, पण बैठकीत ऐकू जाईल इतपत. "जातं मोडीत काढलं, अन् आता गाणं इकत आणून राह्यले." वडील मोठ्याने खोकले. पिठाची गिरणी येईपर्यंत काकूच पहाटे दळताना ओव्या म्हणायची. तेव्हा कोणी सतरंजी अंथरली नव्हती; झोपमोड होते अशी तक्रार मात्र असायची.

चौथी तबकडी संपता संपता मामांनी डोळे उघडले आणि मला काय जाणवलं ते विचारलं.

"मला कळलं नाही," मी म्हटलं.

शब्द तर सोपे आहेत, मामा म्हणाले.

"शब्द कळले. हे आपण सगळे हात बांधून काहून ऐकून राहिलो, ते नाही कळलं." शाळेत जपून वापरलेली पुस्तकी भाषा ऐन वेळी सुटली आणि घरचं वऱ्हाडी तोंडून निघालं.

सुई नुसतीच खरखरत होती. ती उचलायचं कोणालाच सुचेना. स्थळ गेलं, असं मी मनाशी म्हटलं, आणि पुढच्या स्थळाला नोकरीचं कसं सांगायचं त्याचा विचारही सुरू केला.

मुलाच्या आईने सुपारी गालात सरकवली.

"शायेतबी असंच बोलते का वं तू?"

"हो."

"मंग नोकरी सोडू नको. लगन झाल्यावरबी."

मामांनी बहिणीकडे पाहिलं. मुलाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मुलाच्या आईने कोणाकडेच न बघता मला लावायला कुंकू मागवलं.

लग्न झालं, नोकरी राहिली. सासूबाईंना माझं बोलणं आवडलं होतं, की इतकं बोलणारी सून दिवसातले काही तास तरी घराबाहेर असलेली बरी असा हिशेब होता, हे इतकी वर्षं एका घरात काढूनही मला ठरवता आलेलं नाही.