वायपर, शेंदूर आणि मालतीकाकू

लग्नाचे, परीक्षेचे, इलेक्शनचे किस्से सगळेच सांगतात. पण गाडीच्या वायपरचेही किस्से साठतात, हे मला अमरावतीच्या आमच्या कॉलनीत राहायला आल्यावर कळलं. रविवारी सकाळी कडुनिंबाखाली गाड्या धुवायला जमलो, की कोणाच्या ना कोणाच्या वायपरची भानगड निघतेच. आणि मला 'हे असं कावून?' विचारायची खोड, त्यामुळे सगळे किस्से शेवटी माझ्याकडे जमा!

जमणारे आम्ही चौघं. तायडे वकील, फिजिक्सचे रिटायर्ड वानखडे सर, तरुण अनंत गुरुजी आणि मी. शिवाय अनंतच्या आई, मालतीकाकू. त्या गाडी धूत नाहीत, ओट्यावर उभ्या राहून आमच्यावर नजर ठेवतात. तंबाखूचा त्यांना भयंकर राग. वकिलांचा गाल जरा फुगलेला दिसला की ओट्यावरून आवाज येतो, "वकीलसाहेब, थुंका आधी!" कोर्टात कोणाला न जुमानणारे तायडे निमूट जाऊन चूळ भरून येतात.

*

तायडेंच्या तारखा अकोल्यातही असतात. मे महिन्यात दिवसभर गाडी उन्हात उभी. संध्याकाळी काचेवरची धूळ काढायला वायपर चालू केला, तर रबर काचेलाच चिकटून राहिलं आणि नुसती पट्टी कर्रर्र करत फिरली!

तेव्हापासून ते गाडी लावली की दोन्ही वायपर उभे करून जातात. एकदा कोर्टातून बाहेर येऊन पाहतात, तर आख्ख्या रांगेतल्या गाड्यांचे वायपर उभे. शेजारच्या गाडीवाल्याला विचारलं, "कावून उभे केले जी?"

"तुमी केले म्हनून! वकील मानूस हा, मनलं काही नवीन नियम आला असंल!"

*

रबर गेलेलं ते ब्लेड बदलायला वानखडे सर पुढे झाले. "दुकानात कायले जाता? साधी गोष्ट आहे." दांडा उभा केला, खटका दाबला, ब्लेड बाहेर. मग दांड्यात स्प्रिंग कशी असते हे आम्हाला समजावताना त्यांचा हात सुटला. उघडा दांडा फाडकन काचेवर बसला आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा!

सर चष्मा पुसत म्हणाले, "स्प्रिंग मात्र अजून नवीसारखी आहे हो!"

तेव्हापासून कॉलनीचा नियम झाला. ब्लेड काढायच्या आधी काचेवर जाड टॉवेल टाकायचा. त्यामुळे रविवारी कोणाच्याच घरी आंघोळीला टॉवेल सापडत नाही.

*

नव्या काचेवर नवी ब्लेडं तायडेंनी स्वतः बसवली, सरांना हात लावू दिला नाही. पण लांब कुठलं आणि आखूड कुठलं हे पाहायचं राहिलं. चालू करताच दोन्ही मधात येऊन एकमेकांत अडकली. वकील म्हणाले, "पाहा, सख्खे भाऊ आहेत. दोघंही हटून नाही राहिले!"

*

माझा साडू शेंदूरजनाघाटचा, संत्र्याचा व्यापारी. त्याच्या घरी सोफ्याचं प्लास्टिक काढलेलं नाही, टीव्हीच्या रिमोटचं नाही, गाडीच्या सीटचंही नाही. एकदा त्याच्याकडे गेलो तर वायपरच्या रबरावर कंपनीतून आलेली प्लास्टिकची पट्टीही तशीच.

मी विचारलं, "अरे, याच्यानं काच पुसल्या जाते का?"

"नाही ना! पन रबर पाह्य, जसाच्या तसा आहे!"

*

आता अनंतचा. वडीलही गुरुजीच होते. ते गेल्यावर त्यांचे यजमान त्याच्याकडे आले खरे, पण पोरगा लहान आहे, वेळेवर पोचेल की नाही, अशी कुजबुज होती. म्हणून त्यानं जुनी गाडी घेतली. काकूंनी काचेवर आपल्या हातानं शेंदूर-तेलाचं स्वस्तिक काढलं आणि बजावलं, "हे आपोआप जाईल तवाच जाऊ दे. पुसायचं नाही." चुकून बटण दाबलं जाईल म्हणून अनंतनं दोन्ही ब्लेडं काढून घरी ठेवली. काचेवर टॉवेल टाकून, नियमाप्रमाणे!

फाल्गुनात धामणगाव रेल्वेला त्याचं एकट्यानं लावायचं पहिलं लग्न होतं. यजमान दुसरे गुरुजी सांगणार होते, काकूंनी स्वतः शब्द देऊन थांबवलं होतं. त्यामुळे त्याही निघाल्या. मुलीकडचे माझ्या ओळखीचे, म्हणून मीही. आभाळ स्वच्छ होतं.

चांदूर रेल्वे मागं पडलं आणि अवकाळीनं गाठलं! समोरचं काहीच दिसेना. बाभळीखाली एक ट्रक थांबला होता, त्याच्यामागे गाडी लावली. ट्रकवाला खाली वाकून पाहून हसला. "वायपर नाही? तंबाखू घासा न काचेवर! पानी टिकतच नाही."

"तुमच्याजवळ आहे का?" मी विचारलं.

"नाही ना. बायकोनं शपथ घातली."

"आन आमच्या गाडीत कुठून येईन भाऊ? मागं आई बसून आहे!" अनंत रडकुंडीला आला होता. तेवढ्यात यजमानांचा फोन. "गुरुजी, नवरदेव मारुतीच्या पाया पडून निघाला. कुठं हा तुमी?" "आलोच," म्हणून अनंतनं फोन ठेवला. मला त्याच्याकडे बघवेना.

मागच्या सीटवरून डबी उघडल्याचा आवाज आला.

काकू पदर डोक्यावर घेऊन पावसात उतरल्या. मूठभर तंबाखू ओला केला आणि सगळी काच घासून काढली, स्वस्तिकाला धक्का न लावता. मग आत येऊन बसल्या. "चाल. मुहूर्त थांबत नसते."

डबीच्या दुसऱ्या कप्प्यात चुना होता. ओला, आजच भरलेला.

मंगलाष्टकं मुहूर्तावर झाली. यजमानांनी पुढच्या लग्नाचं आमंत्रणही तिथंच दिलं. परतताना अनंतनं बराच वेळ धीर गोळा केला. शेवटी आरशात बघत तो म्हणाला, "आई, ते डबी कोनाची होय?"

काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "अनंता, पाऊस लई आहे. समोर पाहून चालव."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.