मध्य नसलेली घंटा

माझी आत्या दिवसभर चौकोन भरते. रुग्णालयात खाटेशेजारी छोटा स्क्रीन असतो ना, त्यावरच्या बटणांची चित्रं ती काढते. दिवा, पंखा, खाट वर, खाट खाली. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. एका चित्राला आडवे सोळा आणि उभे सोळा चौकोन. त्यात मावेल ते मावेल.

तिचे साहेब "थोडक्यात सांगतो" म्हणून सुरू होतात आणि समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. सोमवारी ते नाक चोंदल्यासारख्या आवाजात म्हणाले, "थोडक्यात सांगतो मॅडम, बाजारात तयार चित्रांचा संच मिळतो. शुक्रवारी वॉर्डात चाचणी घेऊ. दहापैकी नऊ पेशंटनी नर्सला बोलवायची घंटा ओळखली, तर तुमची चित्रं. नाही तर तयार संच, आणि तुम्ही परत लेबल विभागात."

लेबल विभागात आत्याने सहा वर्षं खोक्यांवर 'ही बाजू वर' एवढंच छापलं होतं.

त्या दिवसापासून घरात येईल त्याच्या नाकासमोर घंटा.

"टोपी," बाबा म्हणाले.

"केक नाही का हा?" आई.

शेजारच्या काकूंनी मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "इश्श, उलटा पेला गं!"

"पेला बघून नर्स येते का, काकू?"

"आमच्या वेळी तर हाका मारूनही येत नव्हती."

खरी अडचण आत्याने मला कागदावर दाखवली. सोळाला मध्य नसतो. घंटेच्या आत लोंबतो तो लोलक एक चौकोन जाड हवा, पण तो ठेवायचा कुठे, आठव्या उभ्या रांगेत की नवव्या? दोन्हींत ठेवला की घंटेला पाय फुटतो.

"मग सतरा चौकोन घे," बाबा म्हणाले.

"घेते हं, दादा. स्क्रीन तू बनव."

गुरुवारी संध्याकाळी आजोबा चष्मा काढून कोचावर आडवे झाले होते. पेशंटही असेच आडवे असणार, म्हणून आत्याने मोबाइल त्यांच्यासमोर हातभर लांब धरला. "बाबा, काय दिसतंय?"

"कुत्र्याची छत्री," आजोबा म्हणाले. "दवाखान्यात ही कशाला उगवली?"

आत्याने मोबाइल त्यांच्या नाकाजवळ नेला. "घंटा आहे हो ती!"

"घंटा?" आजोबा उठून बसले. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून घंटा हलवली आहे, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. "मग लोलक मधे कसा? लोलक मधे आला की घंटा मुकी. वाजताना तो कडेला असतो, कडेला!" आणि हात असा हलवला की तिपाईवरचा पेला गेला.

आत्याने फुटलेल्या काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. एकच चौकोन जाडीचा लोलक तिने डावीकडे, पार काठापर्यंत सरकवला. मोबाइल पुन्हा लांब धरला.

आजोबा पुन्हा आडवे झाले. "हां. आता वाजतेय."

शुक्रवारी तिचा फोन आला नाही. बाबांनी दोनदा विचारलं, "तुला काही कळलं का?" जणू चाचणी माझ्या वर्गात होती. साडेसहाला आत्या आली आणि खांद्यावरची पर्स न काढताच ताटावर बसली.

"नऊ जणांपैकी आठ जणांनी ओळखली. एक जण म्हणाला, टोपी."

"नातेवाईक असणार," आई बाबांकडे बघत म्हणाली.

"मग उरल्या एक आजी. पांघरुणातून फक्त नाक बाहेर. साहेब म्हणाले, 'आजी, मी आता थोडक्यात विचारणार आहे...' आजींनी हात काढला आणि थेट घंटेवर बोट! साहेब म्हणतात, 'अहो, मी अजून विचारलं कुठंय?' तर आजी म्हणाल्या, 'तुम्ही विचारत बसा. मला बाथरूमला जायचंय, ती नर्स येऊ दे आधी.'"

"आली?" आजोबांनी विचारलं.

"धावत! साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. माझीच चित्रं." आत्याने इतका लांब श्वास सोडला की ताटातला पापड थरथरला. मग घास घेतला, थांबली, ताटात नीट पाहिलं. "वहिनी, ही भाजी इतकी छान कधीपासून करायला लागलीस?"

"सोमवारपासून रोज तीच खातेयस," आई म्हणाली आणि तिला आणखी वाढली.