पिवळ्या जॅकची परीक्षा

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जीप घालणारे लोक जॅक घेण्याआधी मिस्त्रींकडे येत. मिस्त्रींचं गॅरेज घराच्याच अंगणात होतं, त्यामुळे ऑइलचा वास स्वयंपाकघरात जाई आणि कांदा परतल्याचा वास गाड्यांखाली येई. कुणी हाक मारली, की मिस्त्री गाडीखालून नुसतं डोकं बाहेर काढत.

"गाडी चिखलात जाते की दगडांत?" एवढंच विचारत आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत निकाल देऊन पुन्हा आत सरकत.

कंपन्यांची नावं त्यांच्या जिभेवर कधी बसली नाहीत. ते जॅक रंगावरून ओळखत, आणि प्रत्येकाचा स्वभाव त्यांना पाठ होता. लाल चपळ, पण मानी. जरा माती आत गेली की रुसून बसणारा. काळा ओतीव लोखंडाचा, धीराचा, पण त्याला उचलून गाडीपर्यंत नेईस्तोवर माणूस अर्धा होई. पिवळा बाजारात नवा होता. तिन्हींची घडण एकच: कमरेच्याही वर जाणारी, भोकाभोकांची उभी पट्टी. तिच्यावरचा दांडा खालीवर केला, की पकड एकेक भोक वर चढते आणि रुतलेल्या जीपला सोबत घेऊन येते.

जगाला जॅक निवडून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लेकीसाठी मात्र जॅक ठरवता येईना.

लेक नुकतीच गुरांची डॉक्टर झाली होती. घरात तिला चिमणी म्हणत, कारण ती बापाच्या खांद्यालाही लागत नसे. नेमणूक मिळाली ती लांब डोंगरात, चराईच्या रानात. ऑफिसने एक जुनी जीप दिली होती, आणि वाडी-वस्तीवर तिची तिनेच फिरायचं होतं. सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मिस्त्रींनी जीपचं इंजिन उतरवून पुन्हा बसवलं, ब्रेक नवे केले, हॉर्नसुद्धा खणखणीत केला. मग जाहीर केलं, "जॅक ठरल्याशिवाय जीप अंगणाबाहेर जाणार नाही."

हे जाहीर करून आठवडा होत आला. आज शनिवार उजाडला, तरी अवजारांच्या दुकानातून पारखायला आणलेले तीन जॅक भिंतीला टेकून उभेच होते.

"काळा तुला झेपणार नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग लाल घेते."

"लाल चिखलात अडकतो. काल बघितलंस ना?"

"बाबा, तुम्ही त्याच्यावर बादलीभर चिखल ओतलात!"

"मग? तिकडे काय गुलाबपाणी शिंपडून ठेवलंय?"

"बरं, पिवळा?"

"लटपटतो." मिस्त्रींनी पिवळा पुन्हा जीपला लावला आणि दांड्यावर अंग टाकलं. पट्टी खरंच डावीकडे झुकली. "बघ. म्हटलं नव्हतं?"

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको हे पाहत होती. "सासू सुनेला पारखते तसे पारखताय जॅक. एकाचं नाक नकटं, एकाची चाल वाकडी."

"तुला यातलं काय कळतं गं?"

"जॅकमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

मिस्त्रींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात दुकानदार आला. तो मिस्त्रींचा जुना दोस्त. फाटकातच त्याने कपाळाला हात लावला.

"अरे मिस्त्री, मी जॅक दिले होते की म्हशी? चिखलात लोळवलेस सगळे!"

"परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा? गिऱ्हाईक आलं की तू शिंक यायच्या आत जॅक सांगतोस. आणि इथे आठवडा झाला तुझा काथ्याकूट संपेना!"

"ती माणसं परकी असतात," मिस्त्री बोलून गेले.

लेकीने बापाकडे पाहिलं, बापाने हातातला पाना उगाचच फडक्याने पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. जॅकमध्ये खोट सापडत होती तोवर सोमवार थोडा लांब राहत होता, हे त्यांचं त्यांनाही आत्ताच, बोलल्यावर कळलं होतं.

बायको पदराला हात पुसत पायरी उतरली. "अहो, जीप कोण चालवणार आहे?"

"ही."

"मग आठवडाभर दांड्याला तुम्ही का लोंबकळताय? एकदा तरी तिच्या हातात दिलात का?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. खरंच, एकदाही नाही.

लेकीने वाट पाहिली नाही. समोरच्या चाकांना दगड लावले, जॅकच्या बुडाखाली फळी सरकवली, पिवळा सरळ उभा केला आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. कट्. पकड एक भोक चढली. कट्. कट्. पट्टी ना डावीकडे गेली ना उजवीकडे. मागचं चाक जमिनीवरून अलगद सुटलं.

"लटपटत नाही की," दुकानदार म्हणाला. मग मिस्त्रींच्या पोटाकडे बघून हसू लागला. "तू पोट घेऊन तिरका रेलतोस रे त्याच्यावर! बिचारा जॅक काय करेल? आणि आम्ही इतकी वर्षं तुझा निकाल मुकाट्याने ऐकत आलो!"

लेकही हसली. मिस्त्री नाही हसले. चढवणं सोपं असतं. उतरवताना गाडीचं सगळं ओझं दांड्यावर येतं, आणि हात निसटला तर दांडा उसळून जबडा फोडतो. फुटलेला एक जबडा त्यांनी पाहिला होता. ते पुढे झाले, तर शर्ट मागून खेचला गेला. बायकोने मूठभर कापड पकडून ठेवलं होतं.

"तिकडे तुम्ही असणार नाही," ती हळूच म्हणाली.

लेकीने जॅक उतरवायचा खटका खाली केला, चेहरा बाजूला घेतला, दांड्याची मूठ आवळली. कट्. पकड एक भोक उतरली. मिस्त्रींच्या स्वतःच्याच मुठी आवळल्या गेल्या. तिच्या मनगटावरची शीर ताठ झाली, पण हात निसटला नाही. कट्. कट्. टायर जमिनीला टेकून किंचित पसरला, आणि मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

"बोला," लेक धापा टाकत म्हणाली. "काढा खोट."

मिस्त्रींनी जॅकभोवती एक चक्कर मारली. वाकून पाहिलं. उभं राहून पाहिलं.

"फळी जाड हवी."

"आणि?"

"आणि काही नाही. पिवळा चांगला आहे."

"चांगला आहे, चांगला आहे," म्हणत दुकानदाराने उरलेले दोन जॅक काखोटीला मारले, काळ्याच्या वजनाने एका अंगाला कलला आणि बाहेर पडला.

मिस्त्रींनी ड्रिल आणलं. जीपच्या मागच्या बाजूला जॅक अडकवायची पकड बसवायची होती. खडूने खूण केली, आणि ड्रिल टेकवता टेकवता थांबले. खूण त्यांच्या स्वतःच्या खांद्याइतकी उंच होती. बोटाने त्यांनी ती पुसून टाकली.

"इकडे ये," ते म्हणाले. "जॅक उचलून अडकवायचाय असं समजून हात पुढे कर. टाचा उचलू नकोस. जिथे सहज पोचतो तिथे ठेव."

लेकीने पत्र्यावर तळवा टेकवला. मिस्त्रींनी त्याच्या शेजारी, आधीपेक्षा बरीच खाली, नवी खूण केली आणि ड्रिल सुरू केलं.