बाबांची गाठ आणि आत्याचा डबा

आमच्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण त्यांच्या लिव्हरवर गाठ निघाली म्हटल्यावर तेल्हाऱ्यात जो तो मला बाजूला घेऊन विचारी, "कधीपासून घेत होते?" जुन्या काविळीने लिव्हर खराब झालंय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्या वर्षांत कापसाने सगळ्यांनाच रडवलं होतं, म्हणून बाबा पीत असतील हे लोकांना लगेच पटे.

अमरावतीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ अजून कॅन्सरची नाही. अशा काही गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, काही पलटून कॅन्सरच्या होतात. पलटली आणि लहान असतानाच सापडली, तर सुईने जाळता येते. मोठी झाली की अवघड. म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी, तीही उपाशी पोटी.

इथे आत्या आडवी आली. आम्ही आदल्या दिवशी अमरावतीला तिच्याकडेच उतरायचो, आणि तिच्या घरून कोणी न खाता गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "डॉक्टरले काय जाते सांगाले? माह्या दारातून भाऊ उपाशी जाईन काय?" म्हणत तिने बाबांपुढे पोह्यांचा डोंगर ठेवला. पोटात गॅस, पडद्यावर धुकं. "उद्या या," डॉक्टर चिडले. पण घरी कापसाची वेचणी खोळंबली होती, आम्ही परतलो. पुढच्या खेपेला तिने "नुसता चहा" म्हणून बसवलं आणि आलूबोंडे चारले; पडद्यावर पुन्हा धुकंच. बहिणीला नाही म्हणणं बाबांना जमत नसे. मला संताप यायचा, भीतीही वाटायची.

तिसऱ्या खेपेला मी आत्याला चांगलंच खडसावलं. बाबांना वासही लागू नये म्हणून तिने शेजारणीकडे स्वयंपाक केला आणि डबा घेऊन दवाखान्यात आली.

"गाठ वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "पलटली असावी, पण लहान आहे, जाळता येईल. दुपारी सीटी करून खात्री करू. तोवर पोट रिकामंच ठेवा."

बाहेर येऊन मी सांगितलं, तशी आत्या रडायलाच लागली. "म्हंजे इतके दिवस म्याच झाकून ठेवली व्हती काय रे?"



"काहून रडून राहिली वं?" बाबा म्हणाले. "तुह्या हातचं खाऊन माणूस दुप्पट होते. हे एवढीशीच वाढली, म्हंजे गाठच मरतुकडी हाय. आण तो डबा."

आत्याने त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली.

"आधी सीटी," ती म्हणाली, आणि डबा मांडीवर घट्ट धरून दुपारपर्यंत स्वतःही उपाशी बसली.