सरोजक्कांनी राखलेली धग

सरोजक्कांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. बाकीचं मागून. आठवीत शाळा सुटली माझी, त्यामुळे लिहायला बसलं की धाकधूक होते. पण हे मीच लिहायला हवं.

गेल्या महिन्यात मी नंजनगूडला गेलो होतो, सोनारांच्या दुकानांतली झाडलोट आणायला. आम्ही गलाईवाले. त्या मातीतून सोन्याचा कण काढून वितळवायचा, हा आमचा धंदा. तिथंच अक्कांच्या भाचीचा फोन आला. जेवून, अंगणात नेहमीच्या फेऱ्या मारून अक्का जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. ऐंशी ओलांडली होती त्यांनी. बसमध्ये मी रडलो, आणि म्हैसूर येईस्तोवर हसलोही... अक्का आठवायच्या आणि हसायचं नाही, हे जमतच नाही.

मी विट्याकडचा. इथं म्हैसूरला आलो तेव्हा भट्टीच्या शेजारचं घर अक्कांचं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले मराठे, म्हणून घरात मराठी, तीही निम्मी कन्नड. अक्कांनी कॉलेजात शिकवलं आणि आयुष्यभर एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला : मधुमेहात हृदयाच्या पेशी जळण कसं वापरतात, आणि हृदय त्यातून कसं वाचवायचं. प्रयोग उंदरांवर. मला साखर होतीच. पुढं दम लागायला लागला, तेव्हा मी दोष दिला सोनं शुद्ध करायच्या ॲसिडच्या धुराला आणि भट्टीवर नवा एक्झॉस्ट फॅन बसवला. अशक्तपणा वाटायचा, म्हणून शिरा दुप्पट. फॅन बघायला अक्का आल्या.

"पंखा छान आहे रे. पण माझा जिना चढताना धापा टाकतोस, तिथं कुठलं ॲसिड?"

मला वडील आठवले. तेही गलाईवाले, त्यांनाही साखर. परमुलखात भट्टीपुढं बसल्या जागीच गेले. आपलंही तसंच होणार, ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. अक्कांना सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच इकोला नेलं. हृदय ताठरायला लागलंय, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर अक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवलं.

"अय्यो, रडतोस काय? सुम्ने, गप बस, ऐक. भट्टी नीट पेटेना की वरून कोळसा ओततोस?"

"नाही अक्का. राख काढतो, वारा देतो."

"मग छातीतल्या भट्टीशी असा का वागतोस?"

आणि मग समजावलं. रक्तात साखर भरपूर, पण हृदयाच्या पेशीला ती धड आत घेता येत नाही. मग ती चरबीच जाळत बसते. त्याला हवा जास्त लागते, मागं धूर राहतो, आणि त्या धुरानं पेशी हळूहळू खराब होते. गोळ्या, मोजकं खाणं आणि चालणं, यांनी जळण पुन्हा नीट लागतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्याच भाषेत माझं दुखणं सांगितलं होतं. त्या रात्री शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की फाटकातून हाक : "ए मोठ्या उंदरा, चल!" भर गल्लीत! मी लाजून चूर. चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायची माझी हौस मात्र त्यांनी बंद केली. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, म्हणाल्या. माझा गोळीचा डबाही त्या तपासायच्या. गोळी राहिली असली की उपमा न देता परत पाठवायच्या.

पुढच्या तपासणीत ताठरपणा वाढला नव्हता, उलट थोडा उतरला होता. अक्कांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मी आभार मानले, तशी त्यांनी स्वयंपाकघरातच गिरकी घेतली.

"पास झाला! इतके उंदीर सांभाळले, आभार मानणारा हा पहिलाच!"

भाची म्हणाली, "अक्का, पडाल!" तर म्हणाल्या, "पडू दे, आज चालतं."

आता जेवण झालं की मी एकटाच फेऱ्या मारतो. त्यांच्या फाटकाशी आलो की पाय आपोआप भरभर पडतात... ऐटीत चालावं वाटतं.

अक्का, मुलखामुलखांतले आमचे गलाईवाले यात्रेला गावी येतात. निम्म्यांना साखर आहे, सगळे बसून काम करणारे, आणि वडलांसारखे गेलेले कितीतरी. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. तरी एके वर्षी देवळापुढं उभा राहीन आणि त्यांना छातीतली भट्टी समजावून सांगीन, तुमच्यासारखीच, हसवत. तुमच्या उपकारांची फेड मी अशीच करीन.